चाळीस ज्यूल जास्तीचे

१

ओहोटी लागली, राक सेनच्या खाडीतलं पाणी खाली गेलं आणि आजाऱ्यांची होडी चिखलात टेकली. तेव्हा काठावर मासे साफ करत बसलेल्या बायकांना दिसलं की होडीचा पंखा गायब आहे. मागचा दांडा नुसता उघडा पडला होता.

बघता बघता अख्खी वाडी धक्क्यावर लोटली. होडी कुणा एकाची नव्हती. खाडीच्या दोन्ही काठांनी मिळून ती बांधली होती. कुणाला साप चावो, कुणाच्या पोटात कळा येवोत, ही होडी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेणार आणि एक पैसा घेणार नाही. तिचा काशाचा पंखा चांगला सोळा किलोचा, भंगारात सोन्यासारखा खपणारा.

होडी चालवायचे सातकाका. खाडीवर माणसाला जन्माच्या क्रमानं हाक मारतात, आणि थोरल्याला दृष्ट लागू नये म्हणून मोजायला दोनापासून सुरुवात करतात. म्हणजे सातकाका खरे तर सहावे. पण तो हिशेब तिथे कुणी करत बसत नाही.

"मी काही बोलत नाही," वाडीचे प्रमुख तीनभाऊ म्हणाले. तीनभाऊ असं म्हणाले की खुशाल मांडी घालून बसावं, आता ते पुष्कळ बोलणार. "पण परवा भंगारवाल्याची होडी सातकाकांच्या धक्क्याला लागली होती. लागली होती की नाही? होडीची राखण कुणाकडे? त्यांच्याकडेच. मग पंखा काय बदकाचे पाय लावून पळाला?"

गर्दीत कुणी हसलं, कुणी मान हलवली. सातकाका बाजूला उभे होते. ते एक शब्द बोलले नाहीत आणि तेच लोकांना खटकलं. उद्या संध्याकाळी देवळाच्या अंगणात सभा बसवायची आणि काकांकडून होडीची किल्ली काढून घ्यायची, असं तिथल्या तिथे ठरलं.

सायकल धरून उभ्या असलेल्या दिएप बाईंचा जीव तळमळला. त्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायच्या. त्यांचा मुलगा पोटात आडवा आला होता तेव्हा भर पुरात याच काकांनी त्यांना दवाखान्यात पोचवलं होतं. बाई घाबरू नयेत म्हणून काका वाटभर गात होते आणि इतकं बेसूर गात होते की कळा येत असतानाही बाईंना हसू फुटलं होतं. या माणसाचे आपल्यावर उपकार आहेत, हे बाई चारचौघांत उघड सांगायच्या. अशा माणसाला चोर म्हटलेलं त्यांना ऐकवेना.

गर्दी पांगल्यावर त्या चिखल तुडवत होडीवर चढल्या. फळीवर आटीव दुधाचा एक रिकामा डबा होता. त्यात पंख्याचा मोठा नट आणि त्याची खीळ ठेवली होती. दोन्ही स्वच्छ पुसून, वर तेलाचा हात फिरवलेला.

बाई त्या डब्याकडे बघतच राहिल्या. असा कसा हा चोर?

२

"चोर कसला, माझ्यापेक्षा नीटस काम आहे," बाईंनी होडीवर बोलावून घेतलेली धाकटी होआन म्हणाली. खाडीवरची सगळी इंजिनं तिच्या हातून दुरुस्त व्हायची. "बाई, ज्याला पंखा विकायचाय तो नट पाण्यात फेकून देईल. हा डब्यात जपून ठेवलाय, म्हणजे पंखा पुन्हा बसवायचा विचार दिसतोय."

"इतका मोठा नट खोलायला पाना कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. एकच आहे. म्हणजे आता मीच चोर का?" होआननं डोळे वटारले आणि मग स्वतःच हसली. "या आठवड्यात तीनभाऊंनी पंपासाठी नेला होता. पाचमावशीनं भट्टीच्या नळीसाठी नेला होता. भंगारवाला मागत होता, त्याला दिला नाही. त्याला दिलेली वस्तू परत येताना तागडीतून येते."

"आणखी काही दिसलं?"

होआन बाईंना होडीच्या पुढच्या टोकाशी घेऊन गेली. लाल रंगावर दोन्ही बाजूंना मोठे पांढरे डोळे काढले होते, तिथल्या सगळ्या होड्यांना असतात तसे. एका डोळ्याखाली हातभर ओरखडा होता आणि त्यात निळा रंग घासलेला.

"बर्फवाल्याचा मालवाहू पडाव निळा आहे," होआन म्हणाली. "काका म्हणतात, ओरखडा जुना आहे. जुना कसा असेल? आत्ताच्या टेटला, नव्या वर्षाच्या सणाला, हा लाल रंग मी माझ्या हातानं दिलाय."

तिथून बाई काकांकडे गेल्या. काका ओट्यावर जाळं विणत बसले होते. बाई अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या तरी त्यांनी वर पाहून विचारलं, "कोण?"

"मी, काका. दिएप."

"अगं, ये ये! उन्हात उभी राहिलीस, दिसली नाहीस." काकांनी किटली उचलली. निम्मा चहा वाटीत पडला, निम्मा चटईवर. "या वाट्याही हल्ली मेल्या लहान करतात. मुलगा कसा आहे तुझा?"

"मजेत आहे. तुमच्यामुळे आहे. काका, भंगारवाला का आला होता?"

"जुनी बॅटरी न्यायला. दुसरं काय आहे माझ्याकडे?"

"मग मघाशी धक्क्यावर तसं बोलला का नाहीत?"

काका जाळ्याची गाठ बोटांनी चाचपत राहिले. "जाऊ दे गं होडी. घेतायत तर घेऊ दे," ते हळूच म्हणाले.

बाई उठल्या. माणूस निर्दोष आहे आणि तरी काहीतरी लपवतोय, एवढं त्यांना कळलं. पण हातात सभेपुरता एक दिवस होता, आणि सकाळी तर दहावीचं प्रात्यक्षिक घ्यायचं होतं.

३

शाळेत उपकरणं नव्हती, म्हणून दिएप बाईंचं एक प्रात्यक्षिक दरवर्षी पाचमावशीच्या परसात व्हायचं. पाचमावशी तांदळाची दारू गाळायची, राहिलेला चोथा डुकरांना घालायची आणि डुकरांच्या घाणीवर गॅस करून त्याच गॅसवर पुन्हा दारू गाळायची. वाया काही जात नसे, मावशीचं बोलणं सोडलं तर.

हौदावर लोखंडी पिंप पालथं तरंगत असे. गॅस साठला की ते वर चढायचं, वापरला की खाली बसायचं. पिंपाच्या डोक्यावर वाळूचं पोतं. ज्योत मंद वाटली की पिंपावर वजन ठेवायचं, ही खाडीची रीत. वजनानं गॅस वाढत नाही, नुसता त्याचा जोर वाढतो, हे बाई दरवर्षी सांगायच्या आणि मावशी दरवर्षी ऐकून सोडून द्यायची.

"पिंप वर जाताना आतला दाब बदलतो का?" बाईंनी मुलांना विचारलं.

"नाही बाई! वरचं ओझं तेच, म्हणून दाब तोच."

"मग गॅसनं किती काम केलं, कसं काढाल?"

"दाब गुणिले वाढलेलं आकारमान!"

"आणि ताळा?"

"पिंपाचं नि पोत्याचं वजन गुणिले पिंप चढलं ती उंची! बाहेरच्या हवेला ढकलायचं काम दोन्हीकडे सोडून द्यायचं!"

गणित सोपं होतं. पिंप सत्तर किलोचं, पोतं तीस किलोचं. पिंपाचा माथा एक चौरस मीटर. दाब मोजायला पिंपाला जोडलेल्या काचेच्या वाकड्या नळीत जांभळं पाणी भरलं होतं. शंभर किलोच्या ओझ्याला त्या पाण्यात दहा सेंटिमीटरचा फरक पडायचा. चूल बंद ठेवली की पिंप तीस सेंटिमीटर चढायचं. काम तीनशे ज्यूल, ताळाही तीनशे. ते जुळलं की मावशी सगळ्यांना केळ्याच्या पानातला चिकट भात खायला द्यायची.

या वेळी मुलं लिहीत होती तेव्हा मावशी बाईंपाशी गाऱ्हाणं घेऊन बसली होती. पण आज तिचा आवाज बसका होता. "या खेपेची दारू करपली बघ. विस्तव भसाभसा येतोय, आवरत नाही. गिऱ्हाइकं नाकं मुरडतात."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांचं चित्त सभेत होतं. समोर कोंबड्या वाळूच्या छोट्या ढिगात अंग घुसळत होत्या, तेवढंच त्या बघत बसल्या.

"झालं बाई. तीनशे चाळीस," एका मुलीनं वही पुढे केली.

"तीनशे चाळीस? आणि ताळा?"

"तीनशे."

"मग जुळलं कुठे? पुन्हा वाच. डोळे काय घरी ठेवून आलीस?"

दुसरीचं उत्तर तीनशे चाळीस आलं. तिसऱ्याचंही तेच. वर्गातल्या सगळ्यात ढ मुलाचं उत्तरही तीनशे चाळीसच, आणि त्यानं कुणाचं बघून लिहिलं म्हणावं तर त्याच्या शेजारी कुणी बसलंच नव्हतं. बाई तणतणत उठल्या आणि नळीपाशी वाकल्या. जांभळं पाणी अकरा सेंटिमीटरच्या वर, सव्वाअकराच्याही किंचित पुढे उभं होतं.

मावशीनं त्या दिवशी भात दिला नाही. ती कधीच घरात निघून गेली होती.

४

शाळेच्या खोलीत बाई कॉफीचा पेला पुढ्यात घेऊन बसल्या. बर्फ विरघळून गेला तरी त्यांनी पेल्याला हात लावला नाही. एकाचं चुकलं तर ती चूक. सगळ्यांचं सारखंच चुकलं तर चूक दुसरीकडे कुठेतरी आहे.

गॅस गळत असता तर दाब वाढला नसता. पाऊस कित्येक दिवस नव्हता, म्हणजे पिंपावर पाणी साचलेलं नाही. पिंपाखालचा दाब फक्त एकाच गोष्टीनं वाढू शकतो, ती म्हणजे वरचं ओझं. गॅसनं चाळीस ज्यूल काम जास्त केलं होतं. ते उचलायला काहीतरी जास्तीचं असल्याशिवाय कसं करेल? गॅस काही हौस म्हणून कष्ट करत नाही.

बाईंनी चाळीसाला उंचीनं आणि गुरुत्वाच्या दहानं भागलं. उत्तर आलं तेरा किलो, थोडं वर.

पिंपावर एक पोतं आणि पोत्यात काहीतरी जड. पण पंखा तर सोळा किलोचा! तीन किलो कुठे गेले? वाचण्यातली चूक एवढी मोठी नव्हती. बाईंनी पेन्सिल आपटली. निष्पाप माणसाला वाचवायच्या नादात आपण मावशीच्या पोत्यात भुतं बघायला लागलो, असं त्यांना वाटलं.

मग कोंबड्या आठवल्या.

राक सेनला सगळी जमीन चिकणमातीची. वाळू तिथे विकत आणावी लागते, ती कुणी कोंबड्यांपुढे ओतत नाही. पोत्यात पंखा घालायचा, वर पोतं पहिल्याइतकंच दिसायला हवं, तर पंख्याला जागा करायला वाळू काढावी लागणार. पंखा जेवढी जागा अडवतो तेवढी वाळू. काशाच्या सोळा किलोला जेवढी जागा लागते तेवढ्या जागेत वाळू मावते ती साधारण तीन किलो.

सोळा आत, तीन बाहेर, तेरा शिल्लक. पोतं आकारानं तेवढंच ठेवलं म्हणजे वजनही तेवढंच दिसेल असं कुणाला तरी वाटलं होतं. आणि ते कुणाला वाटलं, हे आता बाईंना विचारायची गरज नव्हती. विचारायचं होतं ते एवढंच की मावशीनं हे का केलं.

बाईंना आनंद व्हायला हवा होता. पण पाचमावशी म्हणजे सातकाकांची शेजारीण, त्यांची बायको वारल्यापासून रोज त्यांच्याकडे माशाचं कालवण पोचवणारी. त्या बाईनं काकांच्या गळ्यात चोरीचा फास का अडकवावा?

५

मावशी भट्टीपुढे बसली होती. चूल थंड होती.

"मावशी," बाई म्हणाल्या, "पोत्यातला पंखा मी बाहेर काढू, की तुम्ही काढता?"

मावशीनं कांगावा केला नाही. तिच्या डोळ्यांना धार लागली. "तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या गॅसनं. त्याला जास्तीचं काम पडलं."

"मेला चहाडखोर," मावशी म्हणाली. रडतानाही तिच्या तोंडाला खळ नव्हता. "मग ऐक. त्या दिवशी मी दवाखान्यातून होडीनं परत येत होते. समोर बर्फवाल्याचा पडाव. केवढा मोठा, निळा! मला दिसतोय, पलीकडच्या बदकांना दिसतोय, आणि हे सरळ त्याच्यावर! मी किंचाळले म्हणून जेमतेम घासून गेलो. दिएप, त्यांना दिसत नाही गं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आलाय."

बाईंना चटईवर सांडलेला चहा आठवला. "मग सांगायचं ना कुणाला तरी!"

"कुणाला? तीनभाऊंना? म्हणजे खाडीभर दवंडी! त्या माणसाजवळ त्या होडीशिवाय आहे काय? मी त्यांनाच म्हटलं, होडीच्या डोळ्यांवर किती दिवस चालवणार? तर म्हणाले, वाट मला पाठ आहे. वाट पाठ आहे, पण वाटेतले पडाव पाठ असतात का?" मावशीनं पदरासारखा गळ्यातला चौकड्यांचा पंचा तोंडावरून फिरवला. "महिनाअखेरीला गावात डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत. तोवर होडी बंद राहावी, एवढंच मनात होतं. कुणी बुडू नये, आणि यांची अब्रूही जाऊ नये. मग पंखा परत. नटाला तेलसुद्धा लावलं मी."

"आणि मध्ये कुणाला साप चावला असता तर?"

"होआनच्या होडीत तेल भरून ठेवलंय. माझ्या पैशानं." मग तिचा स्वर खाली आला. "चोरीचा आळ त्यांच्यावर येईल हे या डोक्यात आलंच नाही. परत ठेवायला गेले, तर धक्क्यावर तीनभाऊंनी पहारा बसवलेला."

बाई तिच्याजवळ भुईवर बसल्या. रागवायचं ठरवून आल्या होत्या, ते त्यांना जमलं नाही. खरं सांगितलं तर काका चोर नाहीत हे सिद्ध होणार होतं, आणि काकांना दिसत नाही हेही. काकांनी आजवर ज्या एका गोष्टीवर मान ताठ ठेवली तीच जाणार होती.

"तू काही बोलू नकोस," मावशी उठत म्हणाली. "मी निस्तरते."

६

सभेला सगळी खाडी आली होती. तीनभाऊंनी "मी काही बोलत नाही" म्हणून सुरुवात केली आणि त्यांचं बोलणं चांगलं रंगात आलं असताना पाचमावशी हातगाडीवर पोतं घालून मधोमध आली. तिनं पोत्याची शिवण फाडली. वाळू सांडली आणि पंखा चकाकला.

"मी चोरला," मावशी म्हणाली. "भंगारात विकणार होते. सातकाकांचा काही संबंध नाही. करा काय करायचं ते."

एकच कल्ला झाला. लाज नाही वाटली का, आजाऱ्यांच्या होडीवर हात टाकला, असं चहूकडून सुरू झालं. दिएप बाईंना मावशीचा बेत आत्ता कळला. काकांचं गुपित झाकायला ती स्वतःच्या माथी चोरी मारून घेत होती. बाई उठल्या. त्यांच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण ते सांगायचा हक्क आपला आहे का, हे त्यांना कळेना, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

"गप्प बसा सगळे!"

हा आवाज सातकाकांचा होता. ते चाचपडत पुढे येत होते. वाटेत एका बाकाला अडखळले, सावरले, आणि जिकडून मावशीचा आवाज आला होता तिकडे तोंड करून उभे राहिले.

"ती खोटं बोलतेय. तिला साधं खोटं बोलता येत नाही, विकायचा असता तर नटाला तेल कशाला लावेल? मला दिसत नाही. कित्येक दिवस दिसत नाही. मी कुणाला सांगितलं नाही आणि माणसं घेऊन पाण्यात जात राहिलो. हिनं मला थांबवलं." काका आवाजाच्या दिशेनं आणखी एक पाऊल पुढे आले. "पंखा गेला म्हटल्याबरोबर मी ओळखलं होतं कुणी नेला ते. म्हणून गप्प होतो. मनातून सुटल्यासारखं वाटलं मला. पाचमावशी, तुझे फार उपकार झाले. माझ्या हातून कुणी मेलं असतं, तर मी कुठे तोंड दाखवलं असतं?"

मावशी तोंडात पंचा कोंबून रडायला लागली. तीनभाऊंनी बोलायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच खरोखर काही न बोलता ते मिटलं. मग तेच खाली वाकले आणि पंखा उचलून होआनच्या हातात देताना म्हणाले, "काका, माझं चुकलं."

दुसऱ्या दिवशी भरतीला होडी जिल्ह्याच्या दवाखान्याकडे निघाली. महिनाअखेरीची वाट कोण बघतो? सुकाणूवर होआन होती. आजाऱ्याच्या चटईवर, कुरकुर करत, स्वतः सातकाका बसले होते. शेजारी मावशी कालवणाचं भांडं सांभाळत होती आणि अव्याहत बोलत होती.

होडी पहिल्या धक्क्यापाशी आली. काठावर कुणीतरी उभं होतं. काकांनी त्या बाजूला मान वळवली, पण त्यांना काही दिसलं नाही.

"काका, मी दिएप!" काठावरून हाक आली. "तुम्ही मला पुरातून नेलं होतं! माझा मुलगा तुमच्यामुळे आहे!"

पुढच्या धक्क्यावर एक म्हातारा ओरडला, "मी चारदादा! मला नाग चावला होता!" पलीकडच्या काठावरून एका बाईनं साद घातली, "मी हान, काका! माझ्या जुळ्या मुली!" मग दोन्ही काठांनी हाका सुरू झाल्या. माणसं पाण्याच्या कडेला येऊन आपापलं नाव सांगत होती, कशासाठी नेलं होतं ते सांगत होती, कारण चेहरे त्यांना दिसणार नव्हते हे आता सगळ्यांना ठाऊक होतं.

सातकाका चटईवर गुडघे धरून बसले होते आणि ज्या बाजूनं हाक येईल त्या बाजूला हात उंच करत होते. एका वळणावर तर दोन्ही बाजूंनी इतकी नावं एकदम आली, की त्यांना दोन्ही हात वर करावे लागले.